एकटी चालवली की पास

आमच्या ऑफिसात भिंतीवर एक टीव्ही आहे. त्यावर ना बातम्या लागतात ना मॅच. दिवसभर नुसता एक रंग असतो. हिरवा असेल तर कुणी मान वर करत नाही. लाल झाला की सगळे वर बघतात, मग रंगाखाली ज्याचं नाव आलेलं असतं त्याच्याकडे बघतात.

नागपुरात, प्रतापनगरला एका साड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला आमची छोटीशी कंपनी आहे. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. नमुना कधी घेतला, रिपोर्ट कधी मिळणार, बिल किती झालं, एवढंच. मला इथे तिसरं वर्ष आहे. कंटाळा आलेला नाही, थकवा आलाय. दोन्हींतला फरक मला अलीकडे कळला. कंटाळा रविवारी जातो.

टीव्हीवरचा रंग टेस्टचा असतो. आमचा प्रोग्राम आता इतका पसरलाय की एका कोपऱ्यात काही बदललं तर दुसऱ्या कोपऱ्यात काय मोडेल ते सांगता येत नाही. दरवेळी सगळं हाताने तपासणं शक्य नसतं. म्हणून टेस्ट लिहून ठेवतात. टेस्ट म्हणजे प्रोग्रामला विचारलेला एक छोटा प्रश्न, ज्याचं उत्तर आपण आधीच लिहिलेलं असतं. सोमवारी सकाळी रक्त घेतलं तर रिपोर्टची तारीख मंगळवारची येते का? आली तर हिरवी, नाही आली तर लाल. असे ढीगभर प्रश्न आमच्याकडे आहेत. कुणीही नवा कोड पाठवला की सर्व्हर ते सगळे प्रश्न आपणहून विचारतो आणि निकाल भिंतीवर लावतो. खाली लाल झालेली टेस्ट ज्याने लिहिली त्याचं नाव. ही सोय आमच्या सरांनी, म्हणजे टीम लीडने, हौसेने करून घेतली होती.

मी मात्र माझ्या टेस्ट भिंतीपर्यंत जाऊ देत नाही. ज्या एडिटरमध्ये मी कोड लिहिते, त्याच्यातूनच त्या चालवते. प्रत्येक टेस्टच्या डाव्या बाजूला, ओळीच्या आकड्याशेजारी, एक बारीक त्रिकोण असतो. कर्सर तिथे ठेवायचा, तीन बटणं एकदम दाबायची, की क्षणभर काहीतरी फिरतं आणि त्रिकोणाच्या जागी हिरवी खूण येते किंवा लाल फुली. फुली आली तर मी दुरुस्त करते, पुन्हा दाबते. कुणालाही पत्ता लागत नाही. वेळ वाचतो म्हणून हे करावं असं कॉलेजात शिकवलं होतं. मी करते ते माझं लाल माझ्यापाशी राहावं म्हणून.

मला बोलायला वेळ लागतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे. घरी आईचं बोलणं अस्सल नागपुरी, आणि तिच्यासमोर इंग्रजी शब्द आला की ती म्हणायची, "लय शहाणी झाली वं." ऑफिसात अर्धी हिंदी. काय, कसं बोलायचं हे मनात ठरेपर्यंत समोरच्याचा विषय संपलेला असतो. त्यामुळे लोक मला शांत समजतात. काही जण घमेंडीही समजतात. मी खुलासा करत नाही, कारण त्यालाही बोलावं लागेल.

ज्या ताईंबद्दल मला लिहायचंय त्या मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे लागल्या. कळमेश्वरहून रोज बसने यायच्या. लग्नाआधी त्यांनी चार वर्षं हेच काम केलं होतं, मग मुलगी झाली आणि सुटलं. मुलगी आता दोन वर्षांची. नवरा तिकडच्याच एमआयडीसीत कामाला. ऑफिसात शिरल्यावर त्या आधी तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ सोडायच्या, मग घामाने चिकटलेले केस कानामागे घ्यायच्या, आणि मगच आमच्याकडे बघून हसायच्या. त्याआधी कुणी बोललं तर उत्तर द्यायच्या नाहीत. मला ते फार आवडायचं.

त्यांची खुर्ची माझ्याशेजारी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. मी काही विचारलं नव्हतं. गप्प माणसाला लोक सगळं सांगतात.

"सासूबाईले सहा महिने मागितले आहेत," त्या म्हणाल्या. "सहा महिने प्रोबेशन. परमनंट झाली तर आम्ही नागपुरातच खोली पाहू, पोरीले इथंच ठेवू. नाही झाली तर घरी बसायचं. मग नोकरीचं नाव काढायचं नाही."

"असं कागदावर लिहून दिलंत का?" मी विचारलं. मला विनोद करायचा होता.

"त्याहून पक्कं आहे. चुलीजवळ बसून कबूल केलं आहे मी."

तर त्यांचे सहा महिने मे महिन्यात संपणार होते.

आमच्याकडे एक प्रथा होती. ज्याच्या नावावर लाल येईल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी पोहे आणायचे. कुणी सुरू केली माहीत नाही. बहुतेक माझ्या समोर बसणाऱ्या मुलाने, कारण ऑफिसातल्या खाण्याच्या सगळ्या प्रथा त्याच्याच आहेत. आम्ही जवळच्या ठेल्यावरून आणायचो, पोह्यांवर ओतायची झणझणीत तर्री पिशवीत बांधून. ताईंची बस ठेल्यावर गर्दी झाल्यानंतर पोचायची, म्हणून त्या घरून करून आणायच्या, मोठ्या डब्यात. पहिल्यांदा सगळ्यांनी वाहवा केली.

दुसऱ्यांदा लाल त्यांच्याच नावावर आलं, आठवड्याच्या आतच. तिसऱ्यांदा समोरचा मुलगा टीव्हीकडे बघून नुसतं म्हणाला, "ताई, उद्या तर्री जरा तेज ठेवजा."

"तुयी जीभ आहे तेवढी तेज पुरत नाही का गा?" ताई म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या. पण खाली बसताना मला हळूच म्हणाल्या, "सासूबाई काल विचारत होत्या, ऑफिसात पोहे काहून न्या लागते म्हणून. वाढदिवस आहे म्हटलं. त्या म्हणे, परवाही वाढदिवसच होता ना? तुम्ही ऑफिसात कामं करता का नुसते वाढदिवस करता?"

एप्रिल लागल्यापासून लाल व्हायची ती एकच टेस्ट. रिपोर्टची तारीख काढायचं काम ताईंकडे होतं आणि त्याची टेस्ट त्यांनीच लिहिली होती. आज नमुना घेतला तर रिपोर्ट उद्या किंवा त्यानंतर मिळेल, मागच्या तारखेला मिळणार नाही, असा साधा प्रश्न. बहुतेक दिवशी ती हिरवी असायची. मधूनच एखाद्या दिवशी लाल. मग कुणीतरी म्हणायचं, "फिर से मार," म्हणजे पुन्हा चालव, आणि पुन्हा चालवली की हिरवी. आमच्याकडे हेच औषध होतं. ताप उतरला ना, मग डॉक्टर कशाला.

ताई त्यांच्या एडिटरमध्ये ती टेस्ट चालवायच्या. हिरवी. पुन्हा चालवायच्या. हिरवी. मीही माझ्याकडे चालवून बघितली. हिरवीच. एकदा सकाळी आम्ही दोघी आलटून पालटून तीच टेस्ट चालवत होतो, तेव्हा समोरचा मुलगा पाण्याची बाटली भरून येताना आमच्यामागे थांबला.

"मॅडम," तो मला म्हणाला, "हे टेस्ट तर डिट्टो तुयावर गेली. एकटी असली का पास, चार लोकांत आली का फेल."

आजूबाजूचे हसले. मीही हसले, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. ताई हसल्या नाहीत.

"तुयं तोंड तेवढं कुठंच फेल होत नाही गा," त्या म्हणाल्या. "जा, बस आपल्या जागेवर."

मला ते लागलं. दिवसभर लागून राहिलं. पण त्याच्या वाक्यात माहिती होती आणि ती आम्हा दोघींच्या डोक्यात आली नव्हती, हेही खरं. आम्ही दोघी ती टेस्ट नेहमी एकटीच चालवत होतो. एडिटर त्यासाठीच तर छान. सर्व्हर मात्र सगळ्या एकापाठोपाठ एक चालवतो, आणि तोही दरवेळी क्रम बदलून, पत्ते पिसावेत तसा. म्हणजे ताईंच्या टेस्टमध्ये काही नसणार. तिच्या आधी येऊन जाणारं कुणीतरी काहीतरी सोडून जात असणार.

एप्रिलच्या शेवटी, सकाळच्या मीटिंगमध्ये सर बोलले. ती मीटिंग आम्ही उभ्याने करतो. उभं राहिलं की लवकर संपते असा समज आहे. सर ताईंना म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचं कन्फर्मेशन आहे. मला वर रिपोर्ट द्यायचा असतो. सारखं सारखं तुमच्याच नावावर लाल येऊन राहिलं. मी काय लिहू?"

आवाज चढवला नव्हता. सर वाईट माणूस नाहीत. पण पोहे खाऊन खाऊन त्यांच्या डोक्यात एक हिशेब तयार झाला होता आणि त्यात ताईंचं नाव सगळ्यांत वर होतं. आम्ही सगळ्यांनीच तो हसत हसत तयार केला होता.

"बघते सर," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी शोधायला लागले. ताई त्या वेळी जिन्यात बसून मुलीशी फोनवर बोलायच्या, म्हणजे सासूबाई फोन मुलीच्या कानाला धरायच्या आणि मुलगी एक अक्षर बोलायची नाही. मी डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने टेस्ट चालवायचे. एडिटरच्या डाव्या पट्टीत सगळ्या टेस्टच्या फाइली एकाखाली एक दिसतात. अर्ध्या निवडायच्या, त्यांच्यामागे ताईंची लावायची, चालवायची. हिरवं आलं तर गुन्हेगार उरलेल्या अर्ध्यांत. मग त्यांतल्या अर्ध्या. काम अवघड नव्हतं, कंटाळवाणं होतं. मध्येच कुणीतरी त्यात नवीन फाइल टाकायचं आणि माझी मोजणी बिघडायची. स्वतःचं काम अंगावर होतंच. सुट्टी संपली की सगळं तिथेच सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी कुठवर आले होते ते आठवायचं. संध्याकाळी सक्करदऱ्याला घरी पोचले की आई विचारायची, "जेवली होती का वं नीट?" आणि मला खरंच आठवायचं नाही.

शेवटी दोनच उरल्या. ताईंची, आणि तिच्याआधी एक बिलांची टेस्ट. तीन बटणं दाबली. पहिली हिरवी, दुसरी लाल. पुन्हा दाबली. तसंच. मी हात पुसले आणि ती बिलांची फाइल उघडून वाचली.

आमच्या लॅबांचे बिल नंबर एक एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होतात. ते नीट होतं का, हे बघायला त्या टेस्टमध्ये प्रोग्रामचं घड्याळ एकतीस मार्चवर नेऊन थांबवलं होतं. असं करतात, त्यात गैर काही नाही. काम झालं की घड्याळ परत चालू करायचं असतं. ती एक ओळ तिथे नव्हती. म्हणजे त्या टेस्टनंतर जो कोणी "आज तारीख काय?" असं विचारेल त्याला एकतीस मार्च हेच उत्तर मिळणार. बाकी कुणी विचारतच नव्हतं, त्यांच्या टेस्टमध्ये तारखा लिहूनच दिलेल्या होत्या. ताई एकट्या आजची तारीख विचारत होत्या. नमुन्याची तारीख कॉम्प्युटरच्या खऱ्या घड्याळातून यायची, म्हणजे एप्रिल-मेमधली, आणि रिपोर्टची प्रोग्रामच्या थांबलेल्या घड्याळातून, म्हणजे एक एप्रिल, नमुना घ्यायच्याही आधीची. लाल न होऊन काय करेल?

फाइल सरांनी लिहिलेली होती.

ताई जिन्यातून वर आल्या तेव्हा मी त्यांना खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, "ताई, सापडलं. तुमचं काहीच चुकलेलं नाही."

मी दोन्ही टेस्ट चालवून दाखवल्या. त्यांना समजवावं लागलं नाही. लाल फुली आली तशा त्या पुढे वाकल्या, फाइल वरून खाली वाचली, आणि मग लिहिणाऱ्याचं नाव वाचलं.

"झालं कल्याण," त्या म्हणाल्या.

"उद्या मीटिंगमध्ये सांगायचं का?"

"कोणाले सांगू नको."

"का?"

"काहून म्हणजे? ज्यांच्या सहीनं मी पक्की होणार, त्यांचीच चूक दाखवत बसू? तेही शेवटच्या महिन्यात?"

"पण चूक तुमच्यावर येऊन राहिली."

"येऊ दे ना." त्यांनी मागे वळून सरांच्या जागेकडे बघितलं. सर कानात इअरफोन घालून फोनवर बोलत होते. "मले परमनंट व्हायचं आहे वं. बरोबर नाही ठरायचं."

मी "बरं" म्हटलं. मला हायसंही वाटलं. चार लोकांसमोर सरांची चूक सांगण्यापेक्षा मी एका दमात दहा जिने चढले असते. ताईंनी त्यांच्या बाजूने तोडगा काढला: आपल्या टेस्टमध्ये "आज" विचारायचं नाही, तारीख लिहून द्यायची. म्हणजे लाल बंद. झालं ते झालं. त्यांनी तसा बदल त्याच दुपारी करायला घेतला.

पण तो पूर्ण व्हायच्या आधीच, चार वाजता, भिंत पुन्हा लाल झाली. खाली ताईंचं नाव. समोरच्या मुलाने खुर्ची आपल्या स्क्रीनकडे वळवली, त्यालाही आता लाज वाटत असावी. सर उठून आमच्याजवळ आले.

"मॅडम, असं करू," ते म्हणाले. "मी तीन महिने पुढे ढकलायची शिफारस करतो. नाही म्हणत नाही मी. फक्त तीन महिने अजून बघू. ठीक आहे ना?"

त्यांना खरंच वाटत होतं की ते सांभाळून घेताहेत. तीन महिने. त्यांना चुलीजवळचं कबूल केलेलं माहीत नव्हतं, आणि ताई ते सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या "हो सर" म्हणाल्या आणि स्क्रीनकडे बघत बसल्या. स्क्रीनवर काही नव्हतं, म्हणजे मघाचीच फाइल होती.

मी सरांची फाइल उघडली. शेवटी एक ओळ टाकली, टेस्ट संपल्यावर घड्याळ परत चालू करणारी. ताईंची टेस्ट त्यामागे लावून एडिटरमध्ये चालवली. दोन्ही हिरव्या. मग सगळ्याच चालवल्या. तो बदल पाठवून दिला. आमच्याकडे कुणाच्या फाइलला दुसऱ्याने हात लावला की मालकाला आपोआप मेल जातो. मला ते माहीत होतं. काय बदललं हे लिहायच्या जागी मी एवढंच लिहिलं की घड्याळ पूर्ववत केलं.

मला वाटलं होतं सर मेलला मेलने उत्तर देतील. मी उत्तराचा मजकूरही मनात तयार ठेवला होता. सरांनी जागेवरूनच आवाज दिला.

"ए, माझ्या फाइलमध्ये तू काय करून राहिली?"

सगळे वळले. ताईही वळल्या.

"सर, ते घड्याळ," मी म्हणाले. पुढे काहीच येईना. मनात सगळं होतं, ओळीने होतं, पण ते कुठून सुरू करायचं ते कळेना. सर वाट बघत होते. त्यांनी जरा वेळ वाट बघितली, हे सांगायला हवं.

मग मी उठून त्यांच्या जागेपाशी गेले. "सर, तुम्हीच चालवून बघा ना. माझा बदल नसताना. तुमची मार्चवाली, आणि तिच्यामागे ताईंची. त्याच क्रमाने."

"दोन्ही हिरव्याच येतात. पाहिल्या आहेत मी."

"वेगवेगळ्या पाहिल्या असतील."

त्यांनी त्यांच्या एडिटरमध्ये दोन्ही निवडल्या आणि चालवल्या. हिरवी, लाल. त्यांचा हात सवयीने पुन्हा बटणावर गेला. हिरवी, लाल. त्यांनी तिसऱ्यांदा चालवलं. मी म्हटलं, "आता उलट," आणि त्यांनी उलट क्रमाने चालवलं. दोन्ही हिरव्या. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि स्वतःची फाइल वाचायला लागले. ती वाचायला फार वेळ लागण्यासारखी नव्हती.

समोरचा मुलगा एव्हाना खुर्चीसकट सरकत आला होता. "म्हणजे सर, आतापर्यंतचे सगळे पोहे..." तो म्हणाला, आणि सरांनी वर बघितल्यावर तसाच सरकत परत गेला.

"बरोबर आहे," सर मला म्हणाले. "घे तुझा बदल आत." मग जरा मोठ्याने, "पण मॅडम, तुम्ही तरी टेस्टमध्ये 'आज' काहून विचारता? तारीख देऊन टाकायची असते. दोन्हीकडे करून घ्या."

"तेच करून राहिली होती सर," ताई म्हणाल्या.

सरांचंही चूक नव्हतं. दोन्हीकडे करायलाच हवं होतं. तीन महिन्यांबद्दल मात्र ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. मी जागेवर येऊन बसले. कुणीतरी कौतुकाने बघेल असं मनात कुठेतरी वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. सगळे आपापल्या कामाला लागले होते.

ताईंनी संध्याकाळी स्कार्फ बांधता बांधता विचारलं, "तुले सांगितलं होतं ना मी?"

"मी काहीच बोलले नाही, ताई. त्यांनीच चालवलं."

"तेच तं. बोलली असती तर मी हसून मध्ये पडली असती. सर, ते लहान आहे, तिचं काही मनावर घेऊ नका. दाखवल्यावर काय मध्ये पडू?" गाठ मारून झाल्यावर फक्त डोळे दिसत होते. "आता ते माझं नाव पाहतील तेव्हा त्यांले काय आठवन, सांग बरं?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. टेस्ट बरोबर आहे हे दाखवलं की बाकीचं आपोआप होईल, असं मी धरून चालले होते.

पुढचे दहा-बारा दिवस भिंत हिरवी राहिली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून यायचा होता, पण ऊन आत्ताच असह्य झालं होतं आणि दुपारी ऑफिसचा एसी नुसता आवाज करायचा. ताई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. डब्यातलं लोणचं पुढे सरकवायच्या, पण काही सांगायच्या नाहीत. सर त्यांच्याशी जास्तच अदबीने वागत होते, आणि ते कशाचं लक्षण आहे ते दोघींनाही कळत नव्हतं. मी रोज सकाळी आल्यावर आधी टीव्हीकडे बघायचे. हिरवा दिसला तरी बरं वाटायचं नाही. ताई राहिल्या नाहीत तर ते लालमुळे झालं की माझ्यामुळे, हे मला कधीच कळणार नव्हतं. आणि ते एडिटरमध्ये दोनदा चालवून बघण्यासारखं नव्हतं.

एका दुपारी सरांनी ताईंना कोपऱ्यातल्या रिकाम्या केबिनमध्ये बोलावलं. दार बंद झालं. मी माझी एक टेस्ट उगाचच पुन्हा पुन्हा चालवत राहिले. समोरचा मुलगाही काही टाइप करत नव्हता.

दार उघडलं तशा ताई कुणाकडे न बघता जिन्याच्या दाराशी गेल्या आणि सासूबाईंना फोन लावला. त्यांची पाठ आमच्याकडे होती. आवाज मात्र सगळा ऐकू येत होता.

"आई? झालं... हो, पक्कं. आत्ताच सांगितलं... नाही नाही, स्वतः सरांनी. म्हणे, मॅडम, तुमच्यासारखं काम कोणी करत नाही आमच्याकडे... हो ना. सगळ्यांसमोर म्हणाले. पोरगी काय करून राहिली?"

मग त्या फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. बहुतेक सासूबाईंनी मुलीच्या कानाशी फोन धरला असावा.

खुर्चीवर येऊन बसल्या तेव्हा मी विचारलं, "खरंच असं म्हणाले?"

"कुठचं वं." त्यांनी ओढणीने मान पुसली. "म्हणे, मागच्या काही दिवसांत तुमच्यात चांगली सुधारणा दिसून राहिली. आता भिंत हिरवी असते, म्हणे." त्या हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. "काय सुधारली म्हणावं मी?"

मीही हसले. बऱ्याच दिवसांनी खरं हसू आलं होतं, आणि ते आल्यावर कळलं की मी किती थकले आहे. मला टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं.

"माझा राग गेला का?" मी विचारलं.

"राग कसला? जीव खाली-वर होत होता." त्यांनी पाण्याची बाटली उघडली, अर्धी संपवली. "आता खोली पाहा लागते. तुमच्या सक्करदऱ्यात मिळन का? तळ्याच्या बाजूनं नको, पोरीले मच्छर लय चावतात. आणि तळमजला पाहिजे, सासूबाई येतील तर जिना चढवत नाही त्यांले."

"त्या येणार आहेत?"

"आत्ता फोनवर म्हणाल्या. पोरीशिवाय करमणार नाही, म्हणे." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "म्हणजे आता खोली आम्हा तिघांपुरती नाही पाहता येणार."

आईला विचारून सांगते, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आपली फाइल उघडली. मीही उघडली. एका नव्या लॅबचं काम कालपासून तसंच पडून होतं.